काय पाठवू, असे तू विचारलेस

टमाले, घाना
6 एप्रिल

चि. सोनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

"आई, तुला तिकडे काय पाठवू?" असे तू गेल्या दोन्ही फोनवर विचारलेस आणि दोन्ही वेळा इथली वीज गेल्यामुळे बोलणे अर्धवट राहिले. विजेच्या या ये-जा करण्याला इथले लोक 'दुमसोर' म्हणतात. म्हणून आज सविस्तर लिहिते.

उन्हाळा मला नवा नाही. चंद्रपुरात तीस वर्षे परिचारिकेची नोकरी केल्यावर 45 अंश म्हणजे काय हे अंगाला पुरते ठाऊक झाले आहे, आणि इथे तर पारा 40च्या आसपासच थांबतो. पण तिकडे खिडकीला कूलर होता, फ्रीज उघडला की गार बाटली हाती येत होती, आणि त्यांचे मला कधी काही वाटले नाही. इथे दवाखान्यात एकच फ्रीज आहे आणि तो लसींचा आहे. त्यात कोणीही पिण्याचे पाणी ठेवायचे नाही, हा नियम मला मनापासून पटतो. बर्फाची पेटी खांद्याला लावून मी गावोगाव हिंडले आहे. त्यामुळे मेंदूच्या आवरणाच्या दाहावरची, 2010च्या डिसेंबरात शेजारच्या बुर्किना फासोत प्रथम मोठ्या प्रमाणावर दिली गेलेली लस आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची आहे आणि ती 40 अंशांपर्यंत चार दिवस बर्फाशिवाय नेण्याची मुभा पुढे मिळाली, याचा मला फार अभिमान वाटतो.

दुपारी परतते तेव्हा खोलीचा पत्रा इतका तापलेला असतो की आत पाय ठेववत नाही. मग अंगणातल्या कडुनिंबाखाली बसते. हो, आपलाच कडुनिंब. गेल्या शतकात तो आपल्याकडून इकडे आणला गेला आणि आता उत्तर घानात जिथे तिथे दिसतो. शेजारीण मला तिथे बसलेली पाहते आणि काही विचारण्याआधी पाणी आणून देते, कारण आलेल्याला आधी पाणी आणि मग विचारपूस, ही रीत इथेही आहे. तिच्या ओसरीवर अर्धे वाळूत रोवलेले मोठे मडके आहे. त्याच्या पोटावर पाझरलेल्या थेंबांची ओल सतत चमकत असते आणि बुडाशी, तेवढ्याच ओलसर वाळूत, दोन-चार गवताची पाती हिरवी उभी आहेत. बाकी सारे अंगण करपलेले. सुकवलेल्या भोपळ्याच्या तुंब्यातून ती पाणी देते, त्याला मातीचा आणि किंचित धुराचा वास असतो. सोनू, असे पाणी मी आजोळ सुटल्यापासून प्यायले नव्हते. पहिला घोट घशाखाली उतरला आणि डोळे आपोआप मिटले.

शुक्रवारी ती 'सोबोलो' करते. लाल अंबाडीची बोंडे आणि आले उकळून केलेले हे सरबत आपल्या विदर्भातल्या अंबाडीच्या सरबताचे सख्खे भावंड आहे. रंग तोच, आंबटपणाही तोच.

आंघोळीला सकाळी अर्धी बादली आणि संध्याकाळी अर्धी बादली पाणी मिळते आणि ते पुरते. संध्याकाळचा पहिला तांब्या मी मानेवर ओतते, घाईने नव्हे, सावकाश, आणि पाणी पाठीवरून कसे ओघळते ते मला अगदी नीट कळते. रात्री सगळेच अंगणात निजतात. मीही मच्छरदाणी लावून बाहेरच बाज टाकते. हवा कोरडी असल्यामुळे ओली चादर अंगावर घेतली की वाळेपर्यंत गारवा देते, आणि तेवढ्या वेळात झोप लागून जाते.

तेव्हा तू म्हणतेस तो बॅटरीवरचा पंखा नको. त्याचे पैसे तुझ्या घरभाड्याला ठेव. मात्र इथली माझी चादर जाड आहे, पाणी फार पिते आणि अंगाला टोचते. कपाटाच्या खालच्या खणात तुझ्या आजीचे सुती लुगडे आहे, धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले. तेवढे पाठव. मे महिन्यात इथे पाऊस सुरू होतो, त्याआधी पोहोचले तर बरे होईल.

तुझी,
आई