करावे गावच्या मावशींना आभाराचं पत्र

आदरणीय मावशी,
साष्टांग नमस्कार.

सोसायटीच्या मागच्या पट्टीत यंदा भेंडी, शिराळी, काकडी, लाल माठ असं भरभरून पिकलं आणि घराघरात वाटलं गेलं. ते तुमच्यामुळे. हे पत्र जाहीरपणे लिहितेय, कारण नेरूळमध्ये अशा पट्ट्या कितीतरी सोसायट्यांकडे पडून आहेत आणि तुमच्यासारखी जाणती माणसं शेजारच्याच गावठाणात आहेत.

पंपरूममागची ती जमीन म्हणजे नुसता भरावाचा मुरूम, त्यात फुटक्या टाइल्स. आम्ही नर्सरीतून रोपं आणायला निघालो, तेव्हा गेटपाशी भाजीची पाटी घेऊन बसलेल्या तुम्हीच हाक मारून थांबवलंत. “पयलं मातीला जेवन घाला, मंग झारांना.” मग सफाईवाले पोत्यात भरून नेतात तो पाला, रसवंतीवरची चिपाडं, घरोघरचा ओला कचरा असे थर लागले. प्रत्येक थरावर शेणकाला आणि गुळाचं पाणी. पाऊस सुरू व्हायच्या आत मुठीत धरली की गोळा होणारी आणि बोटाने टोचली की मोकळी होणारी काळी माती तयार होती.

पावसात त्या मोठाल्या आफ्रिकन गोगलगायी आल्या. वाफ्यात मीठ टाकू म्हणणाऱ्यांवर तुम्ही चक्क ओरडलात. ओलं गोणपाट रात्री वाफ्यालगत पसरायला लावलंत आणि सकाळी ते उलटून खाली जमलेल्या गोगलगायी बादलीत वेचून घेतल्या. खारजमिनीत राबलेल्या बाईला मीठ मातीचं काय करतं, ते कोणी सांगायची गरज नव्हती.

नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली स्थापन झाली, शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, १९८४ च्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात गेले, एवढं आम्हाला वाचून माहीत होतं. तुमचं भातशेत याच सेक्टरात होतं, हे मात्र काकडीचा मांडव बांधताना तुम्ही सहज बोलून गेलात. खाडीचं पाणी अडवणारा बांध, भरती-ओहोटी पाहून लावायची-काढायची उघाडी (बांधातलं पाण्याचं दार), पहिल्या पावसांनी मीठ धुऊन निघेपर्यंत थांबायचं, असं किती वेळ सांगत होतात! सुंभ बांधणारे हात मात्र थांबले नाहीत. ज्या जमिनीवर आमची घरं उभी आहेत, तिचीच विद्या तुम्ही आम्हाला दिलीत, तीही काही न मागता. याचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे, मावशी?

इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याप्रमाणे सहा रहिवाशांनी मिळून भाजीपाल्यासाठी तुकडा मागितला, तर स्थानिक संस्थेला त्याची दखल घ्यावी लागते. आपल्याकडे सगळं कमिटीच्या मनावर. ती पट्टी पार्किंगला मागणारे बरेच होते. त्यांच्यातल्या एका काकांच्या हातात तुम्ही लाल माठाची पहिली जुडी ठेवलीत. आता पाण्याच्या पाळ्यांची वही तेच सांभाळतात, आणि कोणी पाळी चुकवली तर घरी जाऊन बेल वाजवतात. मुलं सकाळी भोपळ्याची फुलं उमललेली असतानाच खाली उतरतात. मागे इवलासा भोपळा असतो ते मादीफूल, हे तुम्ही दाखवल्यापासून नरफुलाच्या पाकळ्या काढून परागकण लावायचं काम त्यांनी मोठ्यांकडून काढूनच घेतलंय. लिफ्टमध्ये मान खाली घालून उभी राहणारी माणसं आता एकमेकांच्या वाफ्यातल्या मिरच्यांची चौकशी करतात.

आता कामाचं. सर्वसाधारण सभेत ठराव झालाय. पंपाजवळचा, सर्वांत जास्त ऊन लागणारा वाफा तुमच्या नावावर केलाय. पाणी आणि खत सोसायटीचं, पीक तुमचं. काय लावायचं तेही तुम्हीच ठरवायचं. भाताच्या कापणीनंतर उरल्या ओलीवर वाल पेरायचात, असं म्हणाला होतात. यंदा तो वाल इथे घाला. मागच्या फाटकाची एक चावी तुमच्यासाठी वॉचमनकडे ठेवली आहे.

तुमची,
नेरूळची एक वाफेकरी