खोडदची शांतता कशासाठी?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात नारायणगावहून एसटीने पुण्याला येत होतो. मागच्या बाकावर पुणे–नाशिक रेल्वेचा विषय निघाला. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला रेल्वेच्या रेडिओ-गोंगाटाचा त्रास नको म्हणून मार्ग बदलणार, आपल्या तालुक्याची रेल्वे हुकणार, हा राग सगळ्यांच्याच बोलण्यात होता. त्यात एक जण म्हणाला, "इतकी वर्षं त्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून बसल्यात. एक तरी एलियन घावला का?" सगळे हसले. मला ते लागलं, कारण याच तालुक्यात मी ३१ वर्षं विज्ञान शिकवलं आहे. प्रश्न मात्र रास्त होता. एसटीत उत्तर द्यायला जमलं नाही, म्हणून हे पत्र.

आधी एक गैरसमज दूर करतो. जीएमआरटी, म्हणजे खोडदची ही दुर्बीण, एलियन शोधण्यासाठी बांधलेली नाही. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आणि त्यांचा सुमारे २५ किलोमीटरचा पसारा हा हायड्रोजनचे ढग, पल्सार (ठराविक ठेक्यात रेडिओस्पंद पाठवणारे मृत तारे) आणि दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपण्यासाठी आहे. ही दुर्बीण उभारणाऱ्या प्रा. गोविंद स्वरूप यांनी आपल्या भागाची निवड केली, कारण इथे डोंगरांचा आडोसा आहे आणि रेडिओचा गोंगाट कमी होता. पण दुसऱ्या ताऱ्याभोवती कुणी बुद्धिमान असेल, तर त्याची चाहूल लागण्याची एक मोठी वाट हीच, रेडिओलहरींची. त्यामुळे खगोलशास्त्राचा हा अभ्यास आणि परग्रहावरच्या बुद्धीचा शोध या दोन्हींचं दुखणं एकच आहे, ते म्हणजे आपण केलेला गोंगाट.

हा शोध हवेतला नाही. १९५९ साली कोकोनी आणि मॉरिसन या दोन शास्त्रज्ञांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात साधा तर्क मांडला. विश्वात सगळ्यात जास्त असलेलं मूलद्रव्य हायड्रोजन. त्याची स्वतःची एक रेडिओलहर आहे, २१ सेंटीमीटर लांबीची, १४२० मेगाहर्ट्झची. कुठल्याही ग्रहावर कुणी विज्ञान शिकत असेल तर ती त्याला ठाऊक असणारच. मग हाक मारायची झाली तर तो तिच्या आसपास मारेल. यश मिळण्याची शक्यता किती हे सांगणं कठीण आहे, पण शोधलंच नाही तर ती शून्य, असंही त्यांनी लिहून ठेवलं. पुढच्याच वर्षी फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत ग्रीन बँक इथल्या दुर्बिणीने दोन जवळच्या ताऱ्यांकडे कान लावला. त्या ताऱ्यांकडून काही आलं नाही. आजपर्यंत कुठूनच खात्रीचं काही आलेलं नाही. पण याच क्षेत्रात आयुष्य घालवलेल्या जिल टार्टर यांची उपमा मला पटते: समुद्रातून एक पेला पाणी काढलं, त्यात मासा दिसला नाही, म्हणून समुद्रात मासेच नाहीत असं कोण म्हणेल?

आता गोंगाटाबद्दल. आमच्या घरी जुना रेडिओ होता. सकाळी पुणे केंद्रावरच्या मराठी बातम्या लागायच्या, आणि नेमका तेव्हाच शेजारी चटणीसाठी मिक्सर सुरू झाला की अख्ख्या बातम्या खरखरीत बुडायच्या. वर्गात मी हेच उदाहरण द्यायचो. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीवर हेच झालं. तिथे वर्षानुवर्षं काही विचित्र लहरी अधूनमधून उमटत होत्या. २०१५ साली त्यांचा उगम सापडला. तिथल्याच मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार कुणीतरी तो थांबण्याआधी उघडत होतं. त्याच दुर्बिणीला २०१९ मध्ये प्रॉक्सिमा सेंटॉरी या, सूर्य सोडला तर आपल्या सर्वांत जवळच्या ताऱ्याच्या दिशेने एक संकेत मिळाला. त्याची बातमी जगभर झाली. शास्त्रज्ञांनी मात्र चिकाटीने तपास केला आणि हा आपल्याच उपकरणांचा हस्तक्षेप आहे असं २०२१ मध्ये स्वतःहून जाहीर केलं. संपादक महोदय, 'परग्रहावरून संदेश?' ही बातमी पहिल्या पानावर येते, तर तपासाची बातमीही तिथेच यायला हवी. मुलांना विज्ञान कळतं ते त्या दुसऱ्या बातमीतून.

दर वेळी इतकं स्पष्ट उत्तर मिळतंच असं नाही. १५ ऑगस्ट १९७७ रोजी ओहायोतल्या 'बिग इअर' दुर्बिणीने एक जोरदार संकेत ७२ सेकंद टिपला. तिथले खगोलशास्त्रज्ञ जेरी एहमन यांनी छापील कागदावर त्याभोवती लाल शाईने गोल काढला आणि शेजारी 'वॉव!' लिहिलं. पुन्हा पुन्हा शोधूनही तो परत ऐकू आला नाही. आणि ती दुर्बीण? १९९८ मध्ये ती पाडली, गोल्फचं मैदान वाढवायला. नासाचा स्वतःचा शोधप्रकल्पही १९९२ च्या ऑक्टोबरात सुरू झाला आणि वर्षभरातच अमेरिकन संसदेने त्याचा पैसा बंद केला. खोडदचं नाव बाजारात चेष्टेने घेतलं जातं तेव्हा मला ते गोल्फचं मैदान आठवतं.

या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. ड्रेक यांनी १९६१ मध्ये एक समीकरण मांडलं: आकाशगंगेत आपल्याला ऐकू येऊ शकतील अशा संस्कृती किती असतील? त्यातला शेवटचा घटक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अशी संस्कृती किती वर्षं टिकते? आपल्याला रेडिओ येऊन जेमतेम सव्वाशे वर्षं झाली, आणि तेवढ्यात अणुबॉम्बही आला. कुणी दोनशे वर्षांत स्वतःला संपवत असेल, तर दोन संस्कृतींची गाठ पडणं जवळपास अशक्य आहे. पण एक जरी खात्रीचा संकेत आला, तर त्याचा अर्थ न कळताही आपल्याला एवढं कळेल की ही अवघड वेळ कुणीतरी निभावून नेली आहे. माझ्या लेखी या शोधाचं मोल तिथे आहे. आणि तो करणाऱ्या समाजाला एकच काम पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवता आलं पाहिजे. १९७४ मध्ये प्वेर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीवरून एम१३ या तारकागुच्छाकडे पाठवलेला संदेश तिथे पोहोचायलाच सुमारे २५ हजार वर्षं लागणार आहेत.

रेल्वे मलाही हवी आहे. उपचारासाठी पुण्याला जाताना चाकणच्या कोंडीत तीन-तीन तास काढलेले आहेत. माझी मागणी इतकीच की रेल्वेचे अभियंते आणि जीएमआरटीचे शास्त्रज्ञ यांनी कुठल्या अंतरावर किती गोंगाट होतो, तो किती अडवता येतो, याची मोजमापं मराठीत, तालुक्यातल्या लोकांसमोर मांडावीत. कारण सांगितलं तर आमचे लोक ऐकून घेतात. न सांगता ठरवलं की राग दुर्बिणीवर निघतो.

एकदा आठवीची मुलं घेऊन २८ फेब्रुवारीला खोडदच्या विज्ञान प्रदर्शनाला गेलो होतो. मोबाइल बंद करून आम्ही एका अँटेनाजवळ उभे राहिलो. तारांच्या बारीक जाळीतून वर बघत एका मुलीने विचारलं, "सर, हिच्यातनं तर आभाळ दिसतंय. मग लहरी गळून जात नाहीत का?" नाही जात. या लहरींच्या लांबीपुढे ती भोकं फार लहान आहेत, त्यामुळे लहरींना जाळी भिंतीसारखी वाटते आणि वारा मात्र आरपार जातो, म्हणून एवढी मोठी तबकडी हलकी ठेवता येते. तिने वहीत जाळीचं चित्र काढून घेतलं. एसटीतल्या त्या गृहस्थांनीही येत्या फेब्रुवारीत एकदा तिथे जावं. सोबत कुणी हवं असेल तर मी येईन.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
नारायणगाव, ता. जुन्नर