बोटावरच्या आकड्याबद्दल आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी अतिदक्षता विभागात रात्रपाळी करणारी परिचारिका आहे. रुग्णाच्या बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लावायचा, ९४ आकडा दिसला की पुढच्या खाटेकडे वळायचे, हे मी वर्षानुवर्षे निर्धास्तपणे करत आले. तो निर्धास्तपणा सगळ्याच रुग्णांच्या बाबतीत रास्त नव्हता, म्हणून हे पत्र.

हा चिमटा बोटातून तांबडा आणि अवरक्त प्रकाश सोडतो आणि त्यातला किती शोषला गेला यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज बांधतो. त्वचेला रंग देणारे मेलॅनिनही प्रकाश शोषते, त्यामुळे उपकरण मुख्यतः उजळ त्वचेवर पारखलेले असेल, तर सावळ्या बोटावर ते असलेल्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवू शकते. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चिमटा ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्तातले प्रमाण ८८ टक्क्यांच्याही खाली असल्याचे कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के तपासण्यांत आढळले. गोऱ्या रुग्णांत हेच ३.६ टक्के होते. कोविडच्या त्या दिवसांत कोणाला दाखल करायचे आणि कोणाला घरी पाठवायचे, हे ठरवताना याच आकड्याकडे पाहिले जात होते. त्याहून क्लेशदायक म्हणजे ही तफावत १९९० मध्येच वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली होती. तीस वर्षे फारशी घाई कोणाला वाटली नाही, कारण ज्यांचा श्वास कमी पडत होता त्यांच्या बोटांवर उपकरणाची पुरेशी पारख होत नव्हती.

मूत्रपिंडाचे काम मोजण्याच्या सूत्रात तर हा भेद उघडपणे लिहिलेला होता. या सूत्राचे उत्तर जितके मोठे तितके मूत्रपिंड चांगले समजले जाते; रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर येणाऱ्या उत्तराला २००९ च्या सूत्रानुसार १.१५९ ने गुणले जाई, आणि त्यासाठी स्नायू जास्त असल्याचे ढोबळ कारण दिले जाई. अमेरिकेत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीतला काळ मोजला जाण्यासाठी, डायलिसिस सुरू झालेले नसेल तर, हे उत्तर २० किंवा त्याहून कमी यावे लागते. एकाच वयाच्या दोन पुरुषांचे क्रिएटिनिन (रक्तातला जो टाकाऊ घटक मोजून हे उत्तर काढतात तो) सारखे आहे आणि गोऱ्या रुग्णाचे उत्तर १८ आले आहे, असे समजा. कृष्णवर्णीय रुग्णाचे उत्तर गुणाकारानंतर जवळजवळ २१ होई आणि त्याचा प्रतीक्षाकाळ मोजलाच जात नसे. २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या कृतिगटाने वंशाचा उल्लेख नसलेले सूत्र सुचवले, ते स्वीकारले गेले, आणि त्यामुळे काही कोसळले नाही.

या दोन्ही ठिकाणी कोणा डॉक्टराच्या मनात आकस असण्याची गरजच नव्हती. गरिबी, अपुरी घरे, दूरचे दवाखाने यांमुळे होणारे नुकसान मोठे आहे आणि ते भरून काढायला पिढ्या लागतील, हे मी जाणते. मात्र उपकरणांची खरेदी आणि त्यांना मान्यता देणे सरकारच्या हाती आहे.

म्हणून माझी विनंती अशी की, सरकारी पैशाने घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक ऑक्सिमीटरची चाचणी सर्व वर्णांच्या पुरेशा माणसांवर झाल्याचा पुरावा निविदेतच मागावा, तो पुरावा लोकांना पाहता यावा आणि वंशावरून आकडा बदलणारे प्रत्येक सूत्र तज्ज्ञांकडून पुन्हा तपासून घ्यावे. नवी उपकरणे येईपर्यंत एवढा तरी लेखी आदेश काढावा, की सावळ्या त्वचेच्या रुग्णाला धाप लागलेली असताना केवळ चिमट्यावरचा आकडा बरा आहे म्हणून त्याला परत पाठवू नये, धमनीतले रक्त तपासावे.

आपली नम्र,
एक परिचारिका