उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या वाटू नका

सर्व सभासदांस नमस्कार. सोसायटीत घसादुखी वाढली आहे, आणि ‘अझिथ्रोमायसिनच्या दोन गोळ्या उरल्यात, कोणाला हव्यात का?’ असे निरोप फिरत आहेत. कृपया हे थांबवा. बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते, तिथे या गोळीचा उपयोग नाही. उलट घशातले स्ट्रेप्टोकोकस जिवाणू तिला सरावतात. अनेक देशांत त्यांतले काही आता तिला दाद देत नाहीत. पेनिसिलिन त्यांच्यावर अजूनही चालते, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचे. पाकिटावर लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही.

मुलांना ताप, गिळताना दुखणे, मानेला गाठी असतील तर मात्र लगेच दाखवा. स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गाकडे दुर्लक्ष झाले तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडू शकतात.

– सचिव