जॅकेट इथेच राहिलंय

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू तणतणत निघालास आणि जॅकेट इथेच राहिलं. धुवायला टाकण्याआधी खिसे चाचपायची माझी सवय तुला माहीत आहे. तुझ्या शाळेच्या चड्डीतून मी खडू, खिळे आणि एकदा जिवंत गोगलगाय काढली आहे. या वेळी सिगारेटचं पाकीट निघालं. सात शिल्लक होत्या. मोजायला नको होत्या, पण मोजल्या.

"दिवसाला दोनच" म्हणालास. बरं, दोनच. त्यावर लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे. पण दुसरं जे बोललास ते काही केल्या मनातून जात नाही. "बाबा ओढूनसुद्धा ७१ वर्षं जगलेच की."

जगले. तू तेव्हा लांब होतास, त्यात तुझी चूक नाही, पण तुला फोनवरचे बाबा माहीत आहेत. ५६ व्या वर्षी ते जिन्यात मध्येच वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. नाडी सुटलेली नसायचीच. ते दम घ्यायला थांबतात हे कळायला मला वर्ष लागलं. पुढे आंघोळीला स्टूल आलं. मग ऑक्सिजनचं मशीन आलं, आणि शेवटची चार वर्षं नळी पोचेल तेवढंच त्यांचं घर होतं. दाढी अर्धी झाली की पलंगाच्या कडेला बसायचे. दुसऱ्या गालावरचा साबण तसाच वाळून जायचा. ही वर्षं ७१ मध्ये धरायची की वजा करायची, तू सांग. हिशेबात तू पहिल्यापासून माझ्यापेक्षा हुशार.

आणि मी विज्ञानाची बाई! श्वासनलिकेतले ते बारीक रोम धूळ आणि कफ वर ढकलतात, धुराने ते लुळे पडतात, म्हणून ओढणाऱ्याला सकाळी खोकल्याची उबळ येते, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढून शिकवलं. फुप्फुसातल्या वायुकोशांच्या भिंती एकदा फाटल्या की पुन्हा सांधत नाहीत, हेही. आणि घरी येऊन राखदाणी मीच रिकामी करायचे.

पुन्हा त्या दोनवर येतेच आहे, रागावू नकोस. वीसऐवजी एक ओढली तर धोका विसावा हिस्सा उरेल, असं कुणालाही वाटेल. फुप्फुसाच्या कॅन्सरचा पुष्कळ कमी होतोही. पण हृदयाचा हिशेब वेगळा आहे. २०१८ मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा दिवसाला एकच ओढणाऱ्याच्या वाट्याला वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा जादा धोका येतो असं दिसलं. रक्ताच्या गुठळ्या व्हायला, धमनीचं अस्तर बिघडायला थोडा धूरही पुरतो. नंदूकाका 'लाइट' ओढायचे, आठवतं? त्या फिल्टरला बारीक भोकं असतात. ती बोटांखाली झाकली जातात, आणि माणूस झुरकाही खोल घेतो. हलकं असतं ते नावच.

लागले शिकवायला. माफ कर. पण एवढं एक ऐक. लंडनमध्ये रिचर्ड डॉल नावाचे डॉक्टर फुप्फुसाच्या कॅन्सरचं कारण शोधायला लागले, तेव्हा त्यांना संशय होता रस्त्यावरच्या डांबराचा आणि मोटारींच्या धुराचा. आकडे सिगारेटकडे बोट दाखवायला लागले तशी त्यांनी स्वतःची सोडली. १९५० मध्ये ते आकडे छापून आले. मग १९५१ पासून त्यांनी हजारो डॉक्टरांच्या सवयींची नोंद ठेवली, तब्बल ५० वर्षं. ओढत राहिलेले सरासरी दहा वर्षं आधी गेले. चाळिशीला सोडलेल्यांनी त्यातली नऊ वाचवली, तिशीला सोडलेल्यांनी जवळपास सगळी. तू ३४ चा आहेस. मी ते वाचलं आणि तुझं वय त्या दोन आकड्यांच्या मध्ये पेन्सिलीने लिहून ठेवलं.

बिट्टीसमोर ओढत नाहीस, बाल्कनीत जातोस, हे मी पाहिलंय. चांगलं करतोस. पण आत आलास की ती धावत येऊन तुझ्या छातीला नाक लावते, तेही पाहिलंय.

तुझ्यासारखा पळणारा शाळेत दुसरा नव्हता. शेवटच्या फेरीत सगळे धापा टाकायचे आणि तू मान वळवून मला शोधायचास. मी तोंडावर कधी कौतुक केलं नाही, करायला हवं होतं. शनिवारी जिना चढून आलास आणि दारात क्षणभर थांबलास. कदाचित फोनच बघत असशील.

एक गोष्ट ताईलाही सांगितलेली नाही. बाबांनी पाचदा सोडली होती. एकदा मी पाकीट फेकून दिलं, तर दोन दिवस बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी दोन पाकिटं आणली. एकदा आठ महिने टिकले. पाचव्या खेपेला म्हणाले, "उद्यापासून बंद." मी भाजी निवडत होते, वर न बघता हसले. तेही हसले. पुन्हा कधी सोडायचं म्हणाले नाहीत. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की बहुतेकांना अनेकदा प्रयत्न करावा लागतो, की पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट जातात, की निकोटिनचा च्युइंगगम, पट्ट्या, डॉक्टरांची औषधं असं काही घेतलं तर जमण्याची शक्यता वाढते. आता ठाऊक आहे. तू दहाव्यांदा म्हणालास तरी मी हसणार नाही.

जॅकेट धुऊन वाळत घातलंय. आतला खिसा उसवला होता, तो शिवला. पाकीट फेकलेलं नाही, माझ्या कपाटात आहे. आलास की तुझ्या हातात देईन, सातच्या सात.

रविवारी फोन कर. किती झाल्या ते विचारणार नाही. निदान सुरुवातीला तरी नाही.

तुझी,
आई