बीपी नॉर्मल, तरीही पेशंट धोक्यात

संपादक महोदय,

थंडी पडली की आमच्या वाळवा तालुक्यात गुऱ्हाळं पेटतात. गेल्या हंगामात काहिलीतला पाक वाफ्यात ओतताना माझ्या चुलतभावाचा पाय घसरला. दोन्ही पाय आणि उजवा हात मिळून ३० टक्के अंग भाजलं. जवळच्या दवाखान्यात पट्ट्या केल्या, एक सलाईन लावलं, बीपी बघितलं. "बीपी नॉर्मल आहे, सांगलीला न्या," असं सांगितल्यावर आमच्या जिवात जीव आला. वाटेत तो सारखा पाणी मागत होता आणि हातपाय गार पडत होते, पण आम्ही बीपीच्या भरवशावर होतो.

सांगलीत दाखल व्हायला चार तास गेले. सिस्टरांनी नळी घातली तेव्हा पिशवीत जेमतेम दोन चमचे, गडद पिवळी लघवी आली. डॉक्टरांचा चेहरा तिथेच बदलला.

त्यांनी नंतर समजावलं ते सर्वांना कळायला हवं. मोठं भाजलं की बारीक रक्तवाहिन्या गळू लागतात, रक्तातलं पाणी बाहेर झिरपून अंग सुजतं आणि आतलं रक्त दाट होतं. हृदय जोरात पळतं, रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून बीपी बराच वेळ टिकून राहतं. ते पडतं तेव्हा उशीर झालेला असतो. मोठ्या माणसाला ताशी निदान ३० ते ५० मिली लघवी व्हायला हवी. ६० किलो वजन आणि ३० टक्के भाजणं, म्हणजे पहिल्या २४ तासांत ७२०० मिली आरएल (रिंगर लॅक्टेट नावाचं सलाईन), त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. हे ८ तास भाजल्या क्षणापासून मोजायचे, दाखल झाल्यापासून नव्हे. आमचे त्यातले निम्मे वाटेतच गेले.

हा आकडाही फक्त सुरुवातीचा. डोळे झाकून सलाईन ओतत राहिलं तर फुप्फुसात पाणी होतं. म्हणून त्या रात्री सिस्टर दर तासाला खाटेशी वाकून, मोबाइलच्या उजेडात पिशवीवरची रेघ वाचायच्या, नाडीचे ठोके मोजायच्या आणि त्यावर सलाईनचा वेग कमी-जास्त व्हायचा. भाऊ वाचला तो या जागरणामुळे, असं मी मानतो.

शेतातल्या मोटारीचा शॉक बसलेल्यांचं आणखी वेगळं. वरून जखम इवलीशी दिसते, पण आत स्नायू जळलेले असतात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यांचा ईसीजी काढल्याशिवाय घरी पाठवू नये. लघवी काळ्या चहासारखी दिसली तर तो मूत्रपिंडाला धोका आहे.

जिल्हा आरोग्य प्रशासनाला विनंती आहे की ग्रामीण रुग्णालयांत मोठ्या भाजलेल्या पेशंटला पुढे पाठवण्याआधी नळी घालावी, आरएल सुरू करावं. चिठ्ठीवर भाजल्याची वेळ, वजन, किती टक्के भाजलं, किती सलाईन गेलं आणि किती लघवी झाली एवढं लिहावं. भावाच्या चिठ्ठीवर फक्त बीपी होतं. गुऱ्हाळं पुन्हा पेटायच्या आत हे व्हावं.

— एक वाचक, ता. वाळवा, जि. सांगली