दिन्या सोंग करत नव्हता

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
रविवार, रात्री

प्रिय विन्या,

अण्णांच्या तेरवीनंतर तुला एक फोनही केला नाही, हे मला ठाऊक आहे. रागव, पण पत्र वाचून झाल्यावर रागव. दोनदा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत कापला, कारण हे फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं. आज रात्रीची लाईन आहे, बारानंतर येईल. गव्हाला पाणी द्यायचंय, तोवर लिहीत बसतो. तब्येत बरी आहे, शुगर गोळीवर आहे, आईचे गुडघे जसे होते तसेच.

मामाचा दिन्या सोंग करत नव्हता, विन्या. तू बरोबर होतास.

आता मागून सांगतो. सोहम पोलीस भरतीची तयारी करतोय हे तुला माहीत आहे. पहाटे पाचला गावातली आठ-दहा पोट्टी शाळेच्या मैदानावर जातात, १६०० मीटरचा सराव करतात. डिसेंबरातल्या एका सकाळी मी घड्याळ घेऊन त्याच्यासोबत गेलो. थंडी म्हणजे अशी की बोलताना तोंडातून वाफ. पहिला अर्धा राउंड हा सगळ्यांच्या पुढे. मग वळणावर त्याचे पाय वाकेनासे झाले. धावता धावता कोणी गुडघ्यांना काठ्या बांधाव्यात तसा तो दोन-चार ढांगा गेला आणि आडवा झाला. मी धावत गेलो, पोटरीला हात लावला तर दगड. "दुखते का?" विचारलं तर म्हणे, "दुखत नाही बाबा, फक्त सुटत नाही." पाचेक मिनिटांनी आपोआप सैल झाले, उठून चालायला लागला, जणू काही झालंच नाही. बाकीची पोट्टी हसली.

आणि घरी येताना मी त्याला काय म्हणालो माहीत आहे? "सोंग नको करू. मेहनत नको असेल तर तसं सांग." तोच शब्द, विन्या. माझ्या तोंडून, त्याच आवाजात.

पोरगा काही बोलला नाही. रात्री जेवणं झाल्यावर माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "हे पाहा." उजवी मूठ घट्ट मिटली, उघडली, मिटली, उघडली, भराभर पंधरा-वीस वेळा. मग उघडेचना. लाजाळूचं पान मिटल्यावर परत उलगडतं ना, तशी एकेक करत बोटं उघडली, करंगळी सगळ्यात शेवटी. मी ताटावर हात धरून पाहत बसलो, आणि मला हापशी दिसली.

तुलाही दिसली असेल. मारुतीच्या पारामागची. १९८६ चा पौष, आपण नववीत. दिन्याने पैज लावून दोन गुंड पाणी भराभर हापसलं आणि हात दांड्यावरून निघेनात. आपण केवढे हसलो होतो! "हापशीला चिकटला, हापशीला चिकटला," म्हणत पूर्ण आळी गोळा केली मी. तू मात्र हसता हसता थांबलास आणि त्याची बोटं सोडवायला लागलास. पुढच्याच महिन्यात क्रीडा स्पर्धेत तो शंभर मीटरला मध्येच पडला. मॉनिटर म्हणून सरांनी मला विचारलं आणि मी सांगितलं, "सर, हा सोंग करतो, घरी दिवसभर वखरामागे चालतो." निरगुडीच्या ओल्या फोकाने मारलं त्याला, पाच की सहा. तू त्यानंतर माझ्याशी पोळ्यापर्यंत बोलला नाहीस. माझ्या सायकलची हवा रोज कोण सोडत होतं हेही मला तेव्हापासून माहीत आहे. तेवढं मी अजून माफ केलेलं नाही.

नागपूरला नेलं सोहमला. तिथल्या डॉक्टर बाई लहानच आहेत, पण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी आधी एकच गोष्ट विचारली, "पुन्हा पुन्हा हालचाल केली की मोकळं होतं, की जास्त आखडतं?" जास्त आखडतं, म्हणालो. मोकळं झालं असतं तर ते वेगळं दुखणं. मग त्यांनी त्याच्या हातात सुई टोचून मशीन लावलं. स्नायूला नसेचा हुकूम आला की त्या मशीनमधून खरखर आवाज येतो. सोहम मूठ आवळत होता तोवर पत्र्यावर पाऊस पडावा तशी खरखर. मग मूठ अडकली. हात दगडासारखा, आणि मशीन गप्प. बाई म्हणाल्या, "पाहा, नस काहीच सांगत नाहीये. हा ठरवून आवळत असता तर आवाज आला असता. स्नायूला स्वतःलाच सुटता येत नाहीये."

मी त्या खोलीत उभा होतो आणि शाळेतला तो फोक मला ऐकू येत होता. तेव्हा हे मशीन दिन्याच्या पोटरीला लावलं असतं तर तेही गप्पच राहिलं असतं.

रक्त तपासणीला पाठवलं. सहा आठवड्यांनी रिपोर्ट आला. ब्रॉडीचा आजार. ब्रॉडी नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९६९ मध्ये पहिल्यांदा लिहून ठेवला. म्हणजे दिन्याने मार खाल्ला तेव्हा हे छापून येऊन सतरा वर्षं झाली होती. कोणत्या जनुकातल्या बिघाडाने होतो, ते मात्र १९९६ मध्ये कळलं.

आता मला जे सलतंय ते सांगतो, कारण हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू? मी पंचवीस वर्षं अकरावीला स्नायू शिकवतोय. नसेचा निरोप आला की पेशीच्या आतल्या कोठारातून कॅल्शियम सुटतं, ट्रोपोनिनला चिकटतं, ट्रोपोमायोसिन बाजूला सरकतं, मायोसिनची डोकी अ‍ॅक्टिनला धरून ओढतात, स्नायू आखडतो. रंगीत खडूंनी चित्र काढून दोन तास शिकवतो हे. आणि शेवटी घंटा व्हायच्या वेळी एक ओळ: "कॅल्शियम परत कोठारात जातं व स्नायू सैल पडतो." जातं म्हणे! उतारावरच्या पाण्यासारखं आपोआप? पंचवीस वर्षांत एकाही पोराने विचारलं नाही आणि मलाही प्रश्न पडला नाही. माझ्या पोराचं दुखणं नेमकं त्या एका ओळीत होतं.

ते जात नाही, विन्या, न्यावं लागतं, तेही चढावर. सैल पडलेल्या स्नायूत बाहेर जेवढं कॅल्शियम असतं त्याच्या दहा हजार पट कोठारात साठवलेलं असतं. एवढ्या भरलेल्या कोठारात आणखी ढकलायचं म्हणजे जोर लागतो. त्यासाठी कोठाराच्या पडद्यात प्रथिनाचे पंप दाटीवाटीने बसलेले असतात. सर्का म्हणतात त्यांना. ९९४ अमिनो आम्लांची एक लांब साखळी, दहा वेळा पडद्यातून आरपार गेलेली. मी आधी आपल्या पानबुडी मोटरसारखं काही डोळ्यासमोर आणत होतो, बटण दाबलं की धो धो. तसं नाही. तुमच्या आबांची मोट आठव. मोट खाली जाते, तिथे भरते, बैल धावेवरून उतरतात, सोंड मिटलेली असते म्हणून वाटेत थेंब सांडत नाही, वर थारोळ्याशी सोंड मोकळी होते, पाणी पडतं, आणि रिकामी मोट परत खाली. अगदी तसंच. पंपाचं तोंड आधी पेशीच्या बाजूला उघडं असतं. दोन कॅल्शियम येऊन आत बसतात, मोजून दोन. मग एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू आपला फॉस्फेट या प्रथिनाला चिकटवतो, ३५१ नंबरच्या अमिनो आम्लावर. त्याबरोबर ते अख्खं प्रथिन वळतं, खालचं तोंड मिटतं, कोठाराकडचं उघडतं, दोन्ही कॅल्शियम आत पडतात. फॉस्फेट गळतो, पंप पुन्हा पहिल्या जागी. दोन्ही तोंडं एका वेळी कधीच उघडी नसतात, नाहीतर सगळं भरलेलं परत सांडेल. एका एटीपीत दोन कॅल्शियम, एका खेपेत एक मोट. २००० साली तोयोशिमा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने या प्रथिनाची रचना अणूअणूनिशी उलगडून दाखवली. ते चित्र मी मोबाईलवर मोठं करून पाहतो, रात्री झोप लागत नाही तेव्हा.

आबा गेले त्या रात्री आपण दोघं उशाशी होतो, सकाळी त्यांचे हात सरळ करता येईनात. तेही हेच. श्वास थांबला की एटीपी संपतो, मोट बंद पडते, कॅल्शियम बाहेरच राहतं आणि मायोसिनची पकडही सुटत नाही, कारण सुटायलाही एटीपीच लागतो. सोहमचं तसं नाही. त्याच्याकडे एटीपी आहे, बैल आहेत, मोटच फाटकी आहे.

रिपोर्ट हातात घेतला तेव्हा मंदाने एकच विचारलं, "हृदयाचं काय?" तेही स्नायूच ना. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. डॉक्टर बाईंनी समजावलं आणि मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. हृदयाचा पंप वेगळा, त्याचं जनुक वेगळं. सोहमचं बिघडलंय ते सर्का एक, सोळाव्या गुणसूत्रावरचं, ते झटपट काम करणाऱ्या तंतूंचं. हृदयाचं सर्का दोन, बाराव्यावर, ते ठणठणीत आहे. आणि सावकाश, दिवसभर चालणारे तंतू आहेत ना, तेही या दुसऱ्यावरच चालतात. कळलं तुला? म्हणून दिन्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत वखरामागे चालू शकायचा आणि शंभर मीटर धावू शकत नव्हता. ज्या गोष्टीवरून मी त्याला खोटं पाडलं, तीच तो खरा असल्याची खूण होती.

थंडीत वाढतं. आयुष्य कमी होत नाही म्हणाल्या. एक-दोन औषधं देऊन पाहतात, कोणाला थोडा गुण येतो, पण मोट शिवून देणारं औषध नाही. कधी ऑपरेशन करायची वेळ आली तर भूल देणाऱ्याला आधी सांगायचं, हे त्यांनी तीनदा बजावलं. भरती अर्थातच संपली. सोहमने तो निळा ट्रॅकसूट धुऊन घडी करून पेटीत ठेवला. रडला नाही. आता कॉम्प्युटरचा कोर्स बघतोय यवतमाळला. तुझ्या ओळखीत पुण्यात काही असेल तर सांग, पण दया म्हणून नको.

आणि आता ते. तू म्हणशील, येतोयस ना शेवटी मुद्द्यावर. १९९८, माझं लग्न ठरलं तेव्हा बस स्टँडवरच्या टपरीवर तू म्हणालास, "मामाची पोरगी करू नको राज्या, नात्यात नात्यात बरं नसते." मी म्हणालो, तुला मंदा आवडते म्हणून बोलतो. तोंडावर म्हणालो. तू लग्नाला आलास, वाढपं केलंस, आणि न जेवता गेलास. हा आजार आईकडून एक आणि बापाकडून एक अशा जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळाल्या तरच होतो. मामा-मामी स्वतः नात्यातले. त्यांच्याकडून दिन्याला दोन्ही मिळाल्या, मंदाला एक. मला माझ्या आईकडून एक. आम्ही दोघं धडधाकट, दर बाळामागे चारात एक धोका. प्रीती वाचली, सोहम सापडला. सोहमच्या रिपोर्टात दोन्ही प्रतींवर एकच चूक आहे, अक्षर न अक्षर तीच. एकाच विहिरीचं पाणी दोन पाटांनी येऊन एका वाफ्यात मिळालं.

मंदाशी लग्न केल्याचा पस्तावा मला नाही, तो होणारही नाही. पण ताई प्रीतीला तिच्या मुलासाठी मागतेय, आणि घरात सगळ्यांना ते आवडलंय. मी म्हणालो, आधी दोघांचं रक्त तपासू. ताई दोन आठवडे झाले बोलत नाही. आई म्हणते, घरातल्या गोष्टी दवाखान्यात नेऊ नयेत. मी हटणार नाही. एकदा कोणी सांगितलेलं ऐकलं नव्हतं, आता ऐकतोय.

परवा दिन्याकडे गेलो, शिलाई मशीनवर बसला होता. लग्नानंतर तो मला भाऊजीच म्हणतो, तुला माहीत आहे. मी सगळं सांगितलं, पंप, मोट, मशीन गप्प राहिलं ते. त्याने कापड खाली ठेवलं. मूठ दहा-बारा वेळा मिटली आणि माझ्यासमोर धरली. अडकलेली. "अजूनबी होते," म्हणाला. "थंडीत कात्री सोडवत नाही. गिऱ्हाइकासमोर मी विचार करून राह्यलो असं दाखवतो." मग बोटं सुटेपर्यंत आम्ही दोघं त्या मुठीकडे पाहत होतो. सुटल्यावर म्हणाला, "म्हंजे मी सोंग नव्हतो करत ना, राज्या?"

अडतीस वर्षं त्यालाही खात्री नव्हती, विन्या. त्याला वाटायचं, आपणच कुठेतरी मनाने कमी पडतो. मी त्याचे पाय धरायला वाकलो तर त्याने मला दंडाला धरून उठवलं आणि पोरीला चहा टाकायला सांगितला. तपासणीसाठी रक्त द्यायला तयार आहे. गुरुवारी नागपूरला नेतो.

तुझ्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली असं कळलं, छान झालं. वहिनींची बदली रद्द झाली का? चिन्मयचं दहावीचं वर्ष ना हे, त्याला आशीर्वाद. तुरीची डाळ भरडून ठेवली आहे, कोणी पुण्याला निघालं की पाठवतो.

लाईन आली बघ, डीपीचा गुणगुणाट ऐकू येतोय. मोटर लावायला जातो, नाहीतर शेजारचे आधी टाकतील आणि व्होल्टेज पडेल. दिन्याने तुझा नंबर मागितला होता, मी दिलाय. त्याचा फोन आला तर उचल.

तुझा,
राज्या